धोंडा, ब्लू मून आणि झेंडूचं रोप

ऑगस्ट २०२३ मध्ये राखी पौर्णिमेच्या सुमारास वर्तमानपत्रांतून आणि मोबाइलवरून ‘ब्लू मून’चा गाजावाजा झाला. शिनोलीत मला आकाशाची आवड असलेला माणूस म्हणून ओळखतात, त्यामुळे त्या दोन दिवसांत वाटेत भेटेल तो विचारत होता, ‘आज चंद्र निळा दिसणार म्हणतात, खरं का?’ त्याच आठवड्यात एका तरुण शेतकऱ्याने मला एक छापील तक्ता आणून दाखवला. जमिनीवर येणारं पीक शुद्ध पक्षात लावावं, जमिनीखाली येणारं वद्य पक्षात, असा त्यात नियम होता. लसूण कधी टोचावा, हा त्याचा प्रश्न. तक्त्याच्या डोक्यावर ‘आपल्या पूर्वजांचे ज्ञान’ असं ठळक लिहिलेलं होतं.

हे दोन प्रश्न वरवर पाहता वेगळे आहेत. पण चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षात नीट बसत नाही, या एकाच गोष्टीपाशी दोन्ही येऊन थांबतात. मी कॉलेज पहिल्याच वर्षी सोडलं, गणित पुढे पंचांगांतून आणि शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या १८९६ सालच्या ग्रंथातून शिकलो. त्यामुळे इथे जे सांगतो आहे त्याला बेरीज-वजाबाकीपलीकडचं काही लागत नाही.

आधी निळ्या चंद्राचं. त्या रात्री चंद्र निळा नसतो. हवेत ठरावीक जाडीची धूळ किंवा धूर असला तर तो खरोखर निळसर दिसू शकतो. १८८३ साली क्राकाटोआ ज्वालामुखी फुटल्यावर तसा दिसला होता, आणि सप्टेंबर १९५० मध्ये कॅनडातल्या वणव्यांच्या धुरामुळे ब्रिटनमध्ये दिसला. त्याचा तारखेशी संबंध नव्हता. आज ज्याला ब्लू मून म्हणतात ती फक्त एका इंग्रजी महिन्यातली दुसरी पौर्णिमा. हा अर्थही जुना नाही. अमेरिकेतल्या मेन राज्यात शेतकऱ्यांचं एक पंचांग निघत असे. त्यात वर्षाचे चार ऋतू धरून, ज्या ऋतूत तीनऐवजी चार पौर्णिमा येतील त्यातल्या तिसरीला ब्लू मून म्हटलेलं असे. १९४६ साली जेम्स ह्यू प्रुएट या लेखकाने ‘स्काय अँड टेलिस्कोप’ मासिकात त्या नियमाचा चुकीचा अर्थ लावला आणि ‘महिन्यातली दुसरी’ असं लिहिलं. १९८० साली तेच रेडिओवरून सांगितलं गेलं, पुढे एका प्रश्नोत्तरांच्या खेळात छापलं गेलं, आणि जगभर रूढ झालं. मासिकाने १९९९ मध्ये दुरुस्ती छापली, पण तोवर चुकीचाच अर्थ लोकांच्या तोंडी बसला होता.

इंग्रजीत ‘ब्लू मूनला एकदा’ म्हणजे क्वचित. आपण ‘कपिलाषष्ठीचा योग’ म्हणतो. आपला योग कितीतरी अवघड आहे: भाद्रपद वद्य षष्ठी, मंगळवार, रोहिणी नक्षत्र, व्यतीपात योग आणि सूर्य हस्तात, हे सगळं एकाच दिवशी जुळायला हवं. माणसाच्या आयुष्यात तो एकदा आला तरी पुष्कळ. ब्लू मून दर दोन-तीन वर्षांनी येतो. वाक्प्रचार म्हणून आपलाच सरस, असं माझं मत.

दोन-तीन वर्षांनी का, ते पाहू. पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंत सरासरी २९.५३ दिवस. असे बारा महिने म्हणजे ३५४ दिवस आणि वर थोडं. सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. दर वर्षी सुमारे ११ दिवस शिल्लक राहतात, आणि साधारण साडेबत्तीस महिन्यांत त्या शिलकेचा एक पूर्ण महिना होतो. १९ वर्षांचे इंग्रजी महिने होतात २२८ आणि पौर्णिमा येतात २३५. सात जास्तीच्या. त्या सात कुठेतरी बसवायलाच हव्यात. इंग्रजी कॅलेंडरात त्या एखाद्या महिन्याच्या शेवटी दाटीवाटीने बसतात आणि त्यांना ब्लू मून म्हणतात. आपल्या पंचांगात त्याच सातांसाठी अख्खे सात महिने वाढवतात. तोच अधिक मास, आमच्याकडचा धोंड्याचा महिना. एकाच भागाकारातली ही बाकी आहे, फक्त दोन वह्यांत वेगवेगळ्या पानांवर मांडलेली.

पानं वेगळी असल्यामुळे दोन्ही एकाच वेळी येतातच असं नाही. २०२३ मध्ये अधिक श्रावण १६ ऑगस्टला संपला आणि ब्लू मून आला निज श्रावणातल्या पौर्णिमेला. २०२६ मध्ये मात्र दोन्ही एकत्र आहेत. १ मे २०२६ ला बुद्ध पौर्णिमा, ३१ मे ला पुन्हा पौर्णिमा, आणि ती अधिक ज्येष्ठाची. १७ मे ते १५ जून हा महिना अधिक आहे, कारण त्यात सूर्याची एकही संक्रांत नाही. हा महिना किती काठावर ठरला आहे पाहा: १५ जूनला अमावस्या सकाळी साडेआठच्या आत संपते आणि सूर्य मिथुनेत जातो त्याच दिवशी दुपारी. काही तासांचा फरक.

धोंड्याच्या महिन्याभोवती जे लोकाचार आहेत ते वाचकांना ठाऊक आहेत. लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे करायचे, ३३ अनारशांचं वाण द्यायचं, लग्नं लावायची नाहीत. ‘दुष्काळात तेरावा महिना’ ही म्हणही इथलीच. मला ती बराच काळ कोड्यात टाकत होती, कारण पीक सूर्याच्या हिशेबाने येतं. एका सुगीपासून दुसऱ्या सुगीपर्यंत ३६५ दिवसच असतात, मधे महिने बारा मोजा की तेरा. कणगीतलं धान्य तेराव्या महिन्यामुळे जास्त संपत नाही. मग जाच कुणाला? महिन्याने व्याज भरणाऱ्याला, आणि पाडव्यापासून पाडव्यापर्यंत साल धरणाऱ्या गड्याला. पहिल्याला एक हप्ता जास्त, दुसऱ्याला त्याच मोबदल्यात एक महिना जास्त. म्हणीतलं दुःख आभाळातलं नाही, हिशेबाच्या वहीतलं आहे.

आता पेरणी. तिथीने पेरणी करायची म्हटलं तर काय होईल? ८ जून ही एकच तारीख घेऊ, कारण सूर्य मृग नक्षत्रात दर वर्षी याच सुमारास जातो. २०२३ मध्ये त्या दिवशी ज्येष्ठ वद्य पंचमी होती. २०२४ मध्ये ज्येष्ठ शुद्ध द्वितीया. २०२५ मध्ये ज्येष्ठ शुद्ध द्वादशी. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ वद्य अष्टमी. तिथी अशी पुढेमागे सरकत असताना तिच्यावर भात, बाजरी पेरणारा कसा टिकेल? म्हणून आपल्या शेतकऱ्याने पावसाचा हिशेब चंद्रावर ठेवलाच नाही. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस, मघा, हस्ताचा हत्ती, ही सगळी सूर्याची नक्षत्रं आहेत, प्रत्येकी तेरा-चौदा दिवसांची. आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात भाताची धूळवाफेची पेरणी रोहिणीत होते. ती रोहिणी २५ मे च्या आसपासच येते, मग चंद्र कुठल्याही कलेचा असो.

याचा सरकारी पुरावाही आहे. मराठेशाहीच्या कागदांवर शुहूर सन लिहिलेला दिसतो. त्याचे महिने अरबी नावांचे, पण वर्ष सुरू होतं सूर्य मृगात गेला की. म्हणून त्याला मृगसाल म्हणत. हिजरी वर्षात अधिक महिना नसतो, त्यामुळे ते सुमारे ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतं. तशा वर्षाने सारा वसूल करायचा तर कधी पीक उभं असताना मागावा लागेल, कधी पेरणीआधी. दफ्तरातल्या कारकुनालाही मृगच धरावा लागला.

पोथ्यांमध्ये बीजपेरणीचे मुहूर्त तिथी आणि चंद्रनक्षत्रावरून दिलेले आहेत, हे मी नाकारत नाही. पण ते हंगाम ठरवत नाहीत, ठरलेल्या हंगामातला एखादा दिवस निवडतात. नक्षत्राच्या वाहनातही चंद्र आहे. सूर्य नक्षत्रात शिरतो तेव्हा सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचं, नऊने भागायचं, आणि बाकीवरून बेडूक, म्हैस, कोल्हा, हत्ती ठरवायचे. यात वाऱ्याचा, ढगाचा, समुद्राच्या तापमानाचा कुठेच प्रवेश नाही. बेडूक आला म्हणून बियाण्याची पिशवी फोडू नये. २०२५ मध्ये तर मोसमी पाऊस २६ मे लाच मुंबईत पोचला, रोहिणी लागून एक दिवस झाला होता आणि ज्येष्ठ सुरूही व्हायचा होता. नक्षत्रं सरासरी सांगतात, त्या वर्षीचा पाऊस सांगत नाहीत.

मग तरुणाचा तो तक्ता कुठला? शुद्ध पक्षात वरचं आणि वद्यात खालचं, हा नियम युरोपातल्या शेतकऱ्यांचा जुना आहे. त्यात रुडॉल्फ श्टायनर यांच्या १९२४ च्या व्याख्यानांतून निघालेली बायोडायनॅमिक शेती मिसळली, आणि जर्मनीतल्या मारिया थून यांनी १९६३ पासून पेरणीचं वार्षिक पंचांग छापायला सुरुवात केली. तेच सेंद्रिय शेतीच्या शिबिरांतून आपल्याकडे आलं आणि वाटेत पूर्वजांचं झालं. नियम परका आहे म्हणून टाकावा असं मी म्हणणार नाही. बटाटाही परकाच, आणि सातगाव पठार त्यावर उभं आहे. प्रश्न तो खरा आहे का हा आहे. भरती-ओहोटीचा दाखला देतात, पण मोठी भरती अमावस्येला आणि पौर्णिमेला सारखीच येते. चंद्र शुद्धात रस वर ओढतो आणि वद्यात खाली सोडतो, हे त्या दाखल्याशीच जुळत नाही. शिवाय समुद्र हजारो मैल पसरलेला आहे, लसणाची पाकळी बोटाच्या पेराएवढी. पौर्णिमेचा उजेड सूर्यप्रकाशाच्या सुमारे चार लाखांश. २०२० साली स्पेनमधल्या संशोधकांनी या विषयावरचं भौतिकशास्त्राचं आणि वनस्पतिशास्त्राचं साहित्य तपासलं. पेरणीच्या तिथीला आधार देणारा भरवशाचा पुरावा त्यांना मिळाला नाही. तरुणाला मी सांगितलं, वाफसा पाहा, थंडी पाहा, आणि लसूण टोच.

चंद्राचा शेतीत काहीच वाटा नाही असं मात्र नाही. रात्री उडणाऱ्या पतंगांवर त्याचा परिणाम दिसतो. चांदण्या रात्री प्रकाश सापळ्यात पतंग कमी सापडतात, अंधाऱ्या रात्री जास्त. आमच्याकडचे टोमॅटोवाले अमावस्येच्या आगेमागे फवारणी काढतात, त्यामागे हेच निरीक्षण असावं. त्यात एक गोम आहे. चांदण्यात सापळ्याचा दिवाच फिका पडतो, म्हणून कमी सापडले म्हणजे कमी होते असं सिद्ध होत नाही. कामगंध सापळ्यातले पतंग आणि पानामागची अंडी मोजून फवारणी ठरवावी. औषधाचा एक हात वाचला तरी पैसे वाचतात. बांबू वद्य पक्षात तोडावा म्हणजे घूण लागत नाही, असंही जाणती माणसं सांगतात. घूण लागतो तो बांबूतल्या पिठूळ साखरेमुळे, आणि ती ऋतूप्रमाणे कमीजास्त होते हे नक्की. पावसाळा सरल्यावर तोडलेला बांबू टिकतो. पक्षापेक्षा मी महिना पाहीन.

आणि अमावस्येला औत जुंपायचं नाही, या नियमाला मी हातही लावणार नाही. महिन्यातून एक दिवस बैलाला सुटी मिळते. आमच्या भागात पोळाही भाद्रपदी अमावस्येला.

आता झेंडू. चंद्रावर ज्याची लावण खरोखर अवलंबून आहे असं आपल्याकडचं पीक हे. फुलाला चंद्राची गरज नसते, गिऱ्हाइकाला असते. दसरा तिथीने येतो. २०२३ मध्ये तो २४ ऑक्टोबरला होता, २०२४ मध्ये १२ ला, २०२५ मध्ये २ ला, आणि २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे थेट २० ऑक्टोबरला. रोप लावल्यापासून साधारण साठ दिवसांत, जातीप्रमाणे थोडं मागेपुढे, फूल तोड्याला येतं. २०२५ च्या दसऱ्यासाठी ३ ऑगस्टच्या आसपास लावण हवी होती. २०२६ मध्ये त्याच तारखेला लावली तर माल दसऱ्याच्या अडीच आठवडे आधी, पितृपक्षात बाजारात येईल. लावण २१ ऑगस्टकडे न्यावी लागेल. या दोन्ही तारखांची तिथी काढून पाहिली तर ती एकच निघते, श्रावण शुद्ध नवमी. दोन चांद्रमहिने म्हणजे ५९ दिवस, झेंडूला लागतात तेवढेच. ज्याच्याकडे तक्ता नाही त्याने नवमी लक्षात ठेवली तरी चालेल.

याला एक अपवाद आहे, आणि तो पुन्हा धोंड्याचाच. मधे अधिक महिना आला की नवमीपासून दसऱ्यापर्यंत साठ नाही, जवळजवळ नव्वद दिवस होतात. २०२० मध्ये आश्विन अधिक होता आणि दसरा २५ ऑक्टोबरला गेला. श्रावणातल्या नवमीची लावण त्या वर्षी सप्टेंबरअखेर, अधिक महिन्यात फुलावर आली असती. पुढची अशी वेळ २०३१ ची. तेव्हा भाद्रपद अधिक आहे. त्या वर्षी दसऱ्याचं रोप श्रावणात नव्हे, अधिक भाद्रपदाच्या शुद्ध नवमीला जमिनीत जायला हवं.