कौटुंबिक शेती आणि जमिनीचे पिढीगत हस्तांतरण : लँकेस्टर काउंटीच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
शेतीच्या ऱ्हासाची चर्चा करताना उत्पादनखर्च, बाजारभाव व हवामान या घटकांवर प्रामुख्याने भर दिला जातो. तथापि शेती कुटुंबाच्या हाती टिकेल की नाही, हे बहुधा जमीन एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाताना ठरते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या आग्नेय भागातील लँकेस्टर काउंटी हे याचे बोलके उदाहरण होय. काउंटी हा राज्यांतर्गत, साधारणतः जिल्ह्यासारखा प्रशासकीय घटक आहे.

कौटुंबिक शेतीचे स्वरूप :
ज्या शेतीव्यवसायाची निम्म्याहून अधिक मालकी ती चालविणाऱ्या व्यक्तीकडे व तिच्या नातलगांकडे असते, तिला अमेरिकेचे कृषी खाते कौटुंबिक शेती मानते. या व्याख्येनुसार तेथील ९५ टक्के वा त्याहून अधिक शेते कौटुंबिक ठरतात. त्यांत हजारो एकरांची शेतेही येतात. लँकेस्टरचे वेगळेपण लहान आकारात आहे. २०१७ च्या कृषी गणनेनुसार तेथे ५,१०८ शेते होती व त्यांचा सरासरी आकार ७७ एकर होता. राष्ट्रीय सरासरी मात्र ४४१ एकर होती.

चुनखडीपासून बनलेली सुपीक जमीन, पुरेसा पाऊस आणि दुग्धव्यवसाय व कुक्कुटपालनाची जोड यांमुळे एवढ्या क्षेत्रावर कुटुंबाचा निर्वाह होऊ शकतो. येथील अनेक शेतकरी अमिश या ख्रिस्ती पंथाचे आहेत. ते शेतातील अवजारे घोडे व खेचरे यांच्या साहाय्याने ओढतात. परिणामी भांडवली खर्च मर्यादित राहतो आणि एका कुटुंबाला कसता येईल एवढीच जमीन पुरेशी ठरते.

हस्तांतरणाचा प्रश्न :
फिलाडेल्फियाच्या सान्निध्यामुळे घरबांधणीसाठी जमिनीला मोठी मागणी आहे. अमिश कुटुंबे मोठी असल्याने शेतकऱ्यांमध्येही जमिनीसाठी स्पर्धा असते. समान वाटणी केल्यास तुकडे निर्वाहक्षम राहत नाहीत. म्हणून बहुधा एकाच अपत्याला बाजारभावापेक्षा कमी किमतीत शेत दिले जाते. इतर भावंडे सुतारकाम, बांधकाम वा दुकानदारीकडे वळतात, तर काही कुटुंबे केंटकी, इंडियाना अशा राज्यांत स्थलांतर करतात. एका मुलाला दिलेली सवलत इतरांवरील अन्याय ठरू नये, हा येथील खरा पेच आहे.

विकासहक्काची खरेदी :
या पेचावर १९८८ मध्ये सुरू झालेल्या राज्याच्या योजनेने एक मार्ग उपलब्ध करून दिला. तीत शेतकरी जमिनीची मालकी स्वतःकडे ठेवून केवळ तिच्या बिगरशेती विकासाचा हक्क विकतो. उदाहरणादाखल, एका एकराचा बाजारभाव २०,००० डॉलर व शेतीमूल्य १२,००० डॉलर धरल्यास ८,००० डॉलर हे विकासहक्काचे मूल्य ठरते. हे बंधन पुढील सर्व मालकांवर कायम राहते. त्यामुळे वडील शेतीमूल्याने जमीन एका मुलाला देऊ शकतात आणि मिळालेल्या मोबदल्यातून इतरांचे हिस्से भागवू शकतात. शासकीय पैसा घेण्यास अनेक अमिश कुटुंबे अनुत्सुक असल्याने १९८८ मध्येच स्थापन झालेल्या लँकेस्टर फार्मलँड ट्रस्ट या खाजगी संस्थेचे कार्यही महत्त्वाचे ठरले. दोन्ही मार्गांनी काउंटीतील एक लाख एकरांहून अधिक जमीन संरक्षित झाली आहे.

मर्यादा :
विकासहक्क विकल्याने दुधाला भाव मिळतोच असे नाही. शिवाय लहान क्षेत्रावरील दाट पशुधनाच्या शेणखतातील नत्र व स्फुरद सस्क्वेहाना नदीवाटे चेसापीक उपसागरात पोहोचतात. या प्रदूषणावर २०१० मध्ये संघीय पर्यावरण यंत्रणेने मर्यादा घातल्या. त्यांच्या पूर्ततेसाठी लागणारा खर्च लहान शेतकऱ्यास जड जातो.

निष्कर्ष :
कुटुंबाची निष्ठा व कष्ट यांच्या बळावर शेती एक पिढी तग धरू शकते. पुढील पिढीपर्यंत ती पोहोचण्यासाठी मात्र शेती करणाऱ्या अपत्याला परवडणारी आणि इतर अपत्यांना न्याय्य वाटणारी हस्तांतरणव्यवस्था आवश्यक असते. लँकेस्टरच्या अनुभवाचे सार यातच आहे.