नमुन्यात कोण आले, कोण राहिले

गृहीतक, चल, नमुना, उत्तरदाता या समाजशास्त्रीय संशोधनातल्या संज्ञा विद्यार्थी परीक्षेपुरत्या पाठ करतात. त्या कशासाठी लागल्या हे समजून घ्यायचे, तर नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या राहुरीसारखा कालव्याचा मुलूख बघावा.

अशा गाव-पाहण्यांची सुरुवात मात्र पुण्याजवळ झाली. कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या एकाच गावाचा बारकाईने अभ्यास करून 1917 मध्ये अहवाल छापला. पण हे गाव शहराच्या कुशीतले. त्यावरून सगळ्या दख्खनबद्दल कसे बोलणार? मग सहकारी कानिटकरांना सोबत घेऊन त्यांनी शहरापासून दूरचे जातेगाव बुद्रुक अभ्यासले; तो अहवाल 1921 चा. नमुन्याच्या प्रातिनिधिकतेचा प्रश्न आपल्याकडे असा गावातच उभा राहिला.

1926 मध्ये प्रवरा नदीवरचे भंडारदरा धरण पूर्ण झाले आणि तिच्या पाण्याने नगर जिल्ह्याचा राहुरीकडचा भाग पालटला. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष लाभांची पाहणी 1948 मध्ये ग्रंथरूपाने मांडली. बरकत पाण्याने आली, की भावाने, की हाती आधीच असलेल्या भांडवलाने? हे वेगळे करायचे तर शेजारच्या कोरडवाहू शेतीशी ताडून पाहावेच लागते. इथे पाणी, भाव, भांडवल ही स्वतंत्र चले आणि बरकत हे परतंत्र चल.

1968 मध्ये कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि पुढे राहुरीतूनच पाहण्या निघू लागल्या. विस्तार शिक्षणाच्या प्रबंधांचा साचा ठरून गेला: शिक्षण, जमीनधारणा, सिंचन ही स्वतंत्र चले, नव्या तंत्राचे ज्ञान आणि अवलंब ही परतंत्र. साधन बहुधा मुलाखत अनुसूची, म्हणजे प्रश्न संशोधकाने विचारायचे आणि उत्तरेही त्यानेच नोंदवायची. रचना पश्चात्-घटना पद्धतीची, बदल घडून गेल्यावर कारण शोधणारी. अशा रचनेत सहसंबंध सापडतो, कारण सिद्ध होत नाही. शिकलेला शेतकरी ठिबक आधी बसवतो असे दिसले, तरी त्याच्याकडे जमीनही जास्त असू शकते. निष्कर्षाच्या प्रकरणात ही मर्यादा ठळकपणे लिहिलीच पाहिजे.

याहून मोठी उणीव मला नमुना चौकटीत, म्हणजे नमुना ज्या यादीतून निवडतात तिच्यात दिसते. यादी सातबाऱ्यावरून किंवा लाभार्थ्यांच्या नोंदीवरून केली, की उत्तरदाता बहुतेक वेळा घरातला पुरुष ठरतो. दूध संकलनाचे बिल त्याच्या नावावर. धार, चारा, वासरू यांचा हिशेब मात्र बाईच्या डोक्यात. हंगामापुरते येऊन कोपीत राहणारे ऊसतोड कामगार तर गावाच्या कोणत्याच यादीत नसतात. प्रश्न कितीही नेमके असोत, ते चुकीच्या माणसाला विचारले तर मापनाची सप्रमाणता, म्हणजे जे मोजायचे तेच मोजले जाण्याची खात्री, तिथेच संपते.

राहुरीत आराखडा लिहायला बसलेल्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या मार्गदर्शकांना म्हणून एक विनंती: उत्तरदात्यांची यादी तलाठ्याकडून घ्या, पण तिथे थांबू नका. गोठ्यात आणि कोप्यांवर जाऊन दुसरी यादी करा, आणि दोन्हींतून नमुना निवडा.