महाडीबीटी स्कॉलरशिप: फॉर्म तर भरला, मग पैसे कुठे अडकतात?

फॉर्म सबमिट झाला, ॲप्लिकेशन आयडीचा स्क्रीनशॉट काढला, की बऱ्याच जणांना वाटतं काम संपलं. पण पैसे अडकतात ते बहुतेक वेळा त्यानंतर. फी भरण्यासाठी घरचे याच पैशांवर अवलंबून असतील, तर खालच्या गोष्टी आत्ताच तपासून घ्या.

१. योजना बरोबर निवडा

फॉर्म भरण्याआधी पात्रतेच्या अटी पूर्ण वाचा. उदाहरणार्थ, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असावं लागतं. इंजिनिअरिंगसारख्या कोर्सला प्रवेशही कॅप राऊंडमधूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला असेल, तर ही योजना मिळत नाही.

२. आधार 'लिंक' आणि 'सीडिंग' एकच नाही

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. बँकेत केवायसीसाठी आधार दिलं, की खातं आधारशी लिंक होतं. पण स्कॉलरशिपचे पैसे येतात ते एनपीसीआयच्या मॅपरमधली नोंद बघून. तुमचा आधार नंबर कोणत्या बँकेशी जोडलाय, हे त्या नोंदीत असतं आणि एका आधारला एका वेळी एकच बँक जोडता येते. यालाच सीडिंग म्हणतात.

आता समजा, तुम्ही मोबाईलवरून झटपट नवीन खातं उघडलं आणि न वाचताच सरकारी अनुदान याच खात्यात घेण्याच्या पर्यायावर टिक केलं. मग मॅपिंग नव्या बँकेकडे जातं आणि पैसेही तिकडेच! तुम्ही मात्र जुनं पासबुक भरून बघत बसता.

तपासायचं कसं? 'माय आधार' वेबसाईटवर ओटीपीने लॉगिन करा आणि 'बँक सीडिंग स्टेटस' उघडा. तिथे बँकेचं नाव आणि सीडिंग ॲक्टिव्ह आहे का, ते दिसेल. चुकीची बँक किंवा 'इनॲक्टिव्ह' दिसलं, तर हव्या त्या बँकेत जाऊन आधार सीडिंगचा फॉर्म द्या. ओटीपीसाठी आधारला चालू मोबाईल नंबर जोडलेला हवा.

३. स्टेटस बघत राहा

सबमिट केलेला अर्ज आधी कॉलेजकडे आणि मग संबंधित विभागाकडे तपासणीला जातो. कागदपत्र अस्पष्ट असेल, नावात फरक असेल, तर तो 'सेंड बॅक' होऊन तुमच्याच लॉगिनला परत येतो. मेसेजची वाट बघू नका. आठवड्यातून एकदा लॉगिन करा. शेरा वाचा, दुरुस्ती करा आणि पुन्हा सबमिट करायला विसरू नका. कॉलेजच्या स्कॉलरशिप विभागातही चौकशी करा, कारण त्यांनी अर्ज पुढे पाठवल्याशिवाय तो हलत नाही.

४. दरवर्षी रिन्यूअल

पहिल्या वर्षी स्कॉलरशिप मिळाली म्हणून पुढच्या वर्षी आपोआप येत नाही. रिन्यूअल अर्ज दरवर्षी भरावा लागतो. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला मिळायला वेळ लागतो, तो आधीच काढून ठेवा.

आज निदान एक काम करा: सीडिंग स्टेटस बघा. पाच मिनिटांत होतं. आणि ही माहिती वर्गाच्या ग्रुपवर नक्की टाका!