सही कोणाची?

गॉलवे, आयर्लंड

शेवगावच्या एका वाचकांनी मागच्या पत्रावर लिहिलंय, ‘युरोपात गर्भपात वगैरे पहिल्यापासून मोकळाच असणार. आपल्याकडेच सगळी बंधनं.’ हे वाचून मी अस्वस्थ झाले, कारण इथे येण्याआधी माझ्या ओळखीतले सगळे असंच धरून चालायचे. वस्तुस्थिती उलटी आहे. नेवाशा-राहुरीच्या बाईला कायद्याने जी वाट 1 एप्रिल 1972 ला मिळाली, ती आयर्लंडच्या बाईला मिळाली 1 जानेवारी 2019 ला. मधली जवळजवळ सत्तेचाळीस वर्षं इथल्या बायका बोटीने, पुढे स्वस्त विमानांनी इंग्लंडला जात होत्या. दरवर्षी हजारोंनी जायच्या. घरी सांगायचं, मैत्रिणीकडे चाललेय.

दोन्हीकडचा मूळ कायदा इंग्रजांचाच. आपला 1860 च्या दंडसंहितेतला, यांचा 1861 चा. आपल्याकडे 1964 मध्ये महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. चोरून, काड्या घालून केलेल्या गर्भपातांत बायका मरतात म्हणून काही अटींवर परवानगी द्यावी, असं तिने सुचवलं आणि 1971 मध्ये संसदेने कायदा केला. लोकसंख्येची काळजी त्यामागे होतीच. आयर्लंडने मात्र 1983 मध्ये सार्वमत घेऊन घटनेतच लिहून टाकलं की पोटातल्या जीवाचा आणि आईचा जगण्याचा हक्क समान आहे. दोन तृतीयांश मतदारांनी त्याला होकार दिला. पुढच्याच जानेवारीत ग्रॅनार्ड नावाच्या छोट्या गावात पंधरा वर्षांची एक शाळकरी मुलगी मेरीमातेच्या मूर्तीपाशी एकटीच बाळंत झाली आणि बाळासकट गेली. 1992 मध्ये बलात्कारातून दिवस गेलेल्या चौदा वर्षांच्या मुलीला इंग्लंडला जाऊ देऊ नये म्हणून सरकारचे वकील न्यायालयात गेले होते. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने तिला सोडलं.

आपण बेळगाव म्हटलं की सीमाप्रश्न म्हणतो. गॉलवेत मी बेळगावचं नाव काढलं की समोरचा माणूस आवाज खाली आणून म्हणतो, ‘सविता.’ सविता हलप्पनवार, बेळगावची मुलगी, दंतवैद्य, वय एकतीस. ऑक्टोबर 2012 मध्ये, सतराव्या आठवड्यात, ती इथल्या विद्यापीठ रुग्णालयात दाखल झाली. गर्भ वाचणार नाही हे डॉक्टरांना कळलं होतं. तिने आणि तिच्या नवऱ्याने पुन्हा पुन्हा सांगितलं, मोकळी करा. पण गर्भाचे ठोके चालू होते आणि कायदा आडवा होता. हा कॅथलिक देश आहे, असं आपण तिला सांगितलं होतं, हे तिथल्या सुईणीने नंतर चौकशीत कबूल केलं. संसर्ग रक्तात पसरला आणि 28 ऑक्टोबरला सविता गेली. बेळगावातल्या कुठल्याही बऱ्या दवाखान्यात तिची पिशवी त्याच दिवशी साफ केली असती ना, असं मला इथे कितीतरी जणींनी विचारलं आहे, आणि मला दर वेळी ‘हो’ म्हणावं लागलं आहे. आपल्या कायद्यात आईच्या जीवावर बेतलं तर एका डॉक्टरचा निर्णय पुरतो, आठवड्यांची अटही नसते. सुधारलेल्या देशात शिकलेली मुलगी पाठवली आणि ती अशी गेली, या विचाराने मला अजूनही राग येतो.

पण त्यानंतर या देशाने जे केलं त्याचा मला हेवा वाटतो. इथले लोक लपले नाहीत. चौकात मेणबत्त्या लागल्या, मोर्चे निघाले. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नव्व्याण्णव सामान्य नागरिकांची सभा 2016 मध्ये एका न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली बसवली. त्यांनी कित्येक शनिवार-रविवार डॉक्टर, धर्मगुरू, कायदेपंडित आणि स्वतः त्यातून गेलेल्या बायकांचं ऐकून घेतलं. मग सार्वमत. इथल्या वयस्कर माणसांनी कधी उच्चारल्या नव्हत्या अशा गोष्टी रेडिओवर, पबमध्ये, स्वयंपाकघरांत बोलल्या गेल्या. साठीच्या बायका सांगत होत्या, मी 1979 ला लिव्हरपूलला गेले होते, आज पहिल्यांदा सांगतेय. सविताच्या आईवडिलांनी बेळगावहून आवाहन केलं की आमच्या मुलीची आठवण ठेवून मत द्या. 25 मे 2018 ला 66.4 टक्के लोकांनी घटनेतलं ते कलम काढायला होकार दिला. डोनेगल सोडून देशभरातल्या प्रत्येक मतदारसंघाचा कौल होकाराचा होता.

माझ्या शेजारच्या आजी नकारवाल्या. निवृत्त प्राथमिक शिक्षिका, रोज मिस्साला जाणाऱ्या. त्यांची मुलगी फक्त मत द्यायला लंडनहून विमानाने आली आणि आईच्या विरुद्ध मत देऊन आली. दोघी रात्री एकाच टेबलावर जेवल्या, भांडल्या, रडल्या, सकाळी आजीच तिला विमानतळावर सोडायला गेल्या. हे सगळं आजींनी मला कुंपणाशी उभं राहून सांगितलं आणि मला घरची आठवण झाली. आमच्याकडे श्रीरामपूर तालुक्यात, मोठ्या वाड्यात, सात बायकांपैकी चौघींनी कधी ना कधी पिशवी साफ करून घेतली असेल. एकीनेही दुसरीला सांगितलेलं नाही. हे पत्र लिहिणार आहे असं आईला फोनवर म्हटलं तर ती म्हणाली, ‘असलं काही पेपरात नको गं, लोक काय म्हणतील.’

आजींशी माझे वाद होतात, पण मला त्यांना टाळावंसं वाटत नाही. त्यांचं म्हणणं साधं आहे: जीव आहे, बोलू शकत नाही, म्हणून त्याच्या बाजूने कोणीतरी बोललं पाहिजे. या बोलण्यात दुष्टपणा मला दिसत नाही. गर्भ म्हणजे काहीच नाही असं मीही म्हणणार नाही. ज्या बाईने नाइलाजाने तो निर्णय घेतला ती वर्षानुवर्षं ती तारीख विसरत नाही. पण जीवाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी या देशात काय केलं तेही आजींना ठाऊक आहे. गॉलवेजवळच्याच ट्यूममध्ये नन्सनी चालवलेल्या ‘आई आणि बाळ’ गृहात 1925 ते 1961 दरम्यान मेलेल्या 796 मुलांच्या मृत्यूच्या नोंदी कॅथरीन कॉर्लेस या स्थानिक इतिहास धुंडाळणाऱ्या बाईंनी गोळा केल्या. मुलांचे अवशेष जमिनीखालच्या सांडपाण्याच्या जुन्या टाकीत सापडले. तिथलं उत्खनन 2025 मध्ये सुरू झालंय. लग्नाशिवाय आई झालेल्या मुलींची हीच व्यवस्था होती.

तेव्हा मी आजींना जोतीराव आणि सावित्रीबाईंबद्दल सांगितलं. सावित्रीबाई आमच्या नगरला मिस फॅरार यांच्याकडे शिकवण्याचं प्रशिक्षण घ्यायला आल्या होत्या. 1863 मध्ये फुले पतिपत्नींनी पुण्यात आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसलेल्या विधवेने गुपचूप यावं, सुखरूप बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं. तिथे जन्मलेल्या एका मुलाला, यशवंतला, त्यांनी स्वतः दत्तक घेतलं. आजींनी विचारलं, ‘1863? खरंच?’ मला त्या क्षणी अभिमान वाटला आणि लगेच दुसरा प्रश्न आला: मग आज आपण इतके मागे का?

कारण आजींचा पुढचा प्रश्न ठरलेला होता. ‘पण तुमच्याकडे पोटातच मुली मारतात ना?’ याचं उत्तर देताना माझा घसा कोरडा पडतो. 2011 च्या जनगणनेत आपल्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 852 मुली होत्या. शेजारच्या बीडमध्ये 807. गर्भलिंग निदानावर बंदी आणणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राचा, 1988 चा, आणि तरीही हे आकडे. सविता गेली त्याच वर्षी, मे 2012 मध्ये, परळीत आधीच्या मुली असलेली एक बाई गर्भपात करताना डॉक्टरच्या दवाखान्यात मेली. तो दवाखाना चालवणाऱ्या मुंडे डॉक्टर पतिपत्नींना त्या प्रकरणात पुढे शिक्षा झाली. साताऱ्याच्या वर्षा देशपांडे यांच्यासारख्यांनी जिवावर उदार होऊन असे डॉक्टर पकडून दिले नसते तर हा धंदा आणखी किती वाढला असता!

आजींना वाटतं, परळी हा त्यांच्या बाजूचा पुरावा आहे: बघा, मोकळीक दिली की असं होतं. मी बराच काळ यावर विचार केला आहे आणि मला ते पटत नाही. मुलींच्या पाठीवर पुन्हा दिवस गेल्यावर तपासायला नेली जाणारी बाई जे ‘हो’ म्हणते, त्याला मी तिचा निर्णय म्हणू शकत नाही. गॉलवेत सविताने मागितलं आणि मिळालं नाही. परळीत मागणारं घर होतं, भोगणारी ती होती. एकाच वर्षी दोन बायका मेल्या आणि दोघींच्याही पोटाचा निर्णय दुसऱ्या कोणीतरी घेतला होता.

आणि याच गोंधळाची किंमत आपल्या जिल्ह्यातल्या साध्या बाईने मोजलीय. माझी एक चुलत वहिनी आहे. दोन मुली, शेती, गोठा, सासूचा दमा. तांबी बसवली होती, तरी दिवस गेले. सातवा-आठवा आठवडा असेल. तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात गेली तर ‘मालकांची सही आणा’. दुसऱ्या ठिकाणी डॉक्टरांनी आधी विचारलं, ‘मुली किती?’ दोन म्हटल्यावर, ‘आम्हाला ही भानगड नको.’ आठव्या आठवड्याला सोनोग्राफीत मुलगा-मुलगी काहीच कळत नाही, हे त्या डॉक्टरांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. पण भिंतीभिंतींवर ‘मुलगी वाचवा’ रंगवून आपण सगळ्यांच्या डोक्यात एवढंच भरवलं की गर्भपात म्हणजे गुन्हा. तपासणीच्या भीतीने कितीतरी मेडिकलवाल्यांनी गर्भपाताच्या गोळ्याच ठेवायच्या बंद केल्या. वहिनीने शेवटी कोणाकरवी तरी गोळ्या आणवल्या, गोठ्यामागे बसून घेतल्या, तिसऱ्या दिवशी इतका रक्तस्राव झाला की रात्री जीपमधून नगरला न्यावं लागलं. वाचली. घरात आजही सांगतात, वहिनीला ‘काविळीसाठी’ ॲडमिट केलं होतं. 2015 साली देशात सुमारे 1 कोटी 56 लाख गर्भपात झाले आणि त्यांतले जवळपास तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन झाले, असा अंदाज ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आला होता. तो वाचताना मला गोठा दिसला.

आता वहिनीला जे कोणी सांगितलं नाही ते सांगते. सज्ञान बाईला गर्भपातासाठी फक्त स्वतःची संमती लागते. नवऱ्याची नाही, सासूची नाही, वडिलांची नाही. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. 2021 च्या दुरुस्तीनंतर काही स्त्रियांना दोन डॉक्टरांच्या मताने चोवीस आठवड्यांपर्यंत मुभा आहे, आणि गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ त्यापुढेही परवानगी देऊ शकतं. 29 सप्टेंबर 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की यात अविवाहित आणि विवाहित असा भेद करता येणार नाही. नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. आयर्लंडचा कायदा यापेक्षा कितीतरी आखूड आहे: बारा आठवड्यांपर्यंत कारण विचारत नाहीत, खर्चही सरकारचा, पण मागणीनंतर तीन दिवस थांबायचंच. बारा आठवड्यांनंतर मूल जन्माआधी किंवा जन्मल्यावर अठ्ठावीस दिवसांत दगावेल असं दोन डॉक्टरांनी लिहून दिलं तरच व्यंगाचं कारण चालतं. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एकीच्या बाबतीत डॉक्टर ते छातीठोक लिहीनात. ती मागच्या वर्षी, एकविसाव्या आठवड्यात, इंग्लंडला गेली. फरक एवढा की तिच्याबरोबर तिचा भाऊ होता, ऑफिसात आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं आणि परत आल्यावर शेजारच्या आजींनी, त्याच नकारवाल्या आजींनी, तिच्यासाठी सूप करून नेलं.

कागदावर आमचा कायदा यांच्यापेक्षा उदार, आणि तरी माझ्या वहिनीपेक्षा या मुलीचे हाल कमी झाले. तिथून इथे काही आणायचं तर कायदा आणीन, इथून तिथे काही न्यायचं तर हे बोलणं नेईन. आमच्या बायकांना बोलता येत नाही, हे मला मान्य नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून गावागावांतल्या, अनेकदा निरक्षर आणि दलित बायकांना आरोग्यसेविका म्हणून उभं केलं. त्या बाळंतपण, कुटुंबनियोजन, सगळ्यावर पारावर बसून बोलू लागल्या. जग ते बघायला जामखेडला येतं. मग श्रीरामपूरच्या वाड्यात ते का होऊ नये?

जिल्ह्यातल्या प्रत्येक सोनोग्राफी सेंटरच्या दारात ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ असा बोर्ड असतो. तो राहू द्या, त्याची गरज अजून संपलेली नाही. पण प्रत्येक सरकारी दवाखान्यात, प्रसूतिगृहात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याच्या शेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरांत दुसरा बोर्ड लावा: ‘गर्भपातासाठी सज्ञान स्त्रीला पतीच्या सहीची गरज नाही.’ अहिल्यानगरच्या जिल्हा परिषदेने हा ठराव एका सभेत करावा. आशाताईंनी तो घरोघरी वाचून दाखवावा. शेवगावच्या वाचकांनी आपल्या तालुक्यातल्या आरोग्य केंद्रात जाऊन बोर्ड लागला की नाही ते मला कळवावं. नसेल तर कोणाला अर्ज केला तेही कळवावं, मी पुढच्या पत्रात छापीन.