पाच रुपयांची सूट, पाच टक्क्यांचे कार्ड

लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या चढण्याआधी भारतीय पुरातत्त्व खात्याचे तिकीट काढावे लागते. गिरिजात्मजाचे देऊळ बौद्ध लेण्यांच्या रांगेत, सातव्या लेण्यात आहे; त्यामुळे दर्शनाला आलेला भाविकही खात्याच्या लेखी पर्यटकच. खात्याने २०१८ मध्ये दर सुधारले तेव्हा या श्रेणीच्या स्मारकांना रोखीने २५ रुपये आणि डिजिटल भरल्यास २० रुपये असा फरक ठेवला. पंचविसात पाच, म्हणजे वीस टक्के. प्रवासाच्या खर्चावर सरसकट वीस टक्के परत देणारे क्रेडिट कार्ड बाजारात नाही, आणि ही सूट घ्यायला कार्डाची गरजही नाही. फोनमधले यूपीआय पुरते. नेहमी प्रवास करणाऱ्याने कॅशबॅक कार्ड निवडताना सुरुवात इथून करावी. त्याची मोठी बचत बहुधा कार्डाबाहेर असते. ती आधी पदरात पाडून घ्यायची आणि मग जो खर्च उरेल त्याला कार्ड शोधायचे. जाहिराती नेमका उलटा क्रम शिकवतात.

जुन्नर, नारायणगाव, मंचर या पट्ट्यातून आठवड्याला पुण्याला जाऊन येणाऱ्या माणसाचा खर्च मांडून पाहू. तो एसटीने जात असेल आणि सवलतीत बसत असेल तर बोलणेच खुंटते. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहे, पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धे, आणि पंचाहत्तरीपुढे प्रवास फुकट. पन्नास टक्क्यांपुढे कोणते कार्ड टिकणार? स्वतःची गाडी असेल तर वाटेतला टोल येऊ शकतो. केंद्राने १५ ऑगस्ट २०२५ ला खासगी मोटारींसाठी फास्टॅगचा वार्षिक पास आणला, तेव्हा त्याची किंमत ३,००० रुपये होती आणि त्यात २०० फेऱ्या बसत होत्या. नाका ओलांडायला पंधरा रुपये पडले. हा पास राष्ट्रीय महामार्गांपुरता आहे, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तो चालत नाही. तरी दर आठवड्याला नाका ओलांडणाऱ्याला तो जे वाचवून देतो, ते टोलवरच्या एक टक्का परताव्याने कधीच भरून येणार नाही. त्यातही फास्टॅगमध्ये पैसे भरणे हे पुष्कळ बँका ‘वॉलेट भरणे’ समजतात आणि त्यावर काहीच देत नाहीत.

मग उरते पेट्रोल, आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. ‘इंधन अधिभार माफ’ हे शब्द जवळजवळ प्रत्येक कार्डाच्या माहितीपत्रकात असतात आणि वाचणाऱ्याला ती कमाई वाटते. प्रत्यक्षात पंपावर कार्ड स्वाइप केले की बहुतेक वेळा एक टक्का अधिभार लागतो, तो कार्डामुळेच. रोखीने किंवा बँक खात्यातून स्कॅन करून पैसे देणाऱ्याला तो लागतच नाही. बँक आधी लावते आणि मग माफ करते. महिन्याला सहा हजारांचे पेट्रोल धरले तर साठ रुपये लागले आणि साठ परत आले. पण त्या साठावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे दहा रुपये ऐंशी पैसे, सहसा परत येत नाही. शिवाय माफीला किमान आणि कमाल बिलाची अट असते, आणि साध्या कॅशबॅक कार्डांत इंधन परताव्यातून वगळलेलेच असते. खरा परतावा मिळतो तो तेल कंपनी आणि बँक यांनी मिळून काढलेल्या कार्डांवर, आणि तोही बहुधा गुणांच्या रूपात, त्याच कंपनीच्या पंपावर वापरायचा. तेव्हा अशा कार्डाचा दर वाचण्याआधी आपण नेहमी टाकी भरतो तो पंप कोणत्या कंपनीचा आहे ते पाहावे. नारायणगावात एका कंपनीचे पेट्रोल भरायचे आणि पाकिटात दुसरीचे कार्ड ठेवायचे, यात फायदा फक्त पाकीट विकणाऱ्याचा.

एवढे वजा केल्यावर प्रवाशाच्या हाती खाणे, मुक्काम, रेल्वे-विमानाची तिकिटे, गाडीची दुरुस्ती आणि वाटेतली किरकोळ खरेदी असा खर्च राहतो. ‘पाच टक्के’ हा आकडा इथे लागू पडतो, पण कशावर ते पाहावे लागते. बँकेला आपण काय विकत घेतले ते दिसत नाही. दुकानदाराची नोंदणी कोणत्या चार आकडी वर्गात आहे एवढेच दिसते. इंधनाचा वर्ग वेगळा, उपाहारगृहाचा वेगळा, लॉजचा वेगळा. पंपाच्या आवारातल्या हॉटेलात मिसळ खाल्ली आणि बिल पंपाच्याच मशीनवर झाले, तर ती मिसळ बँकेच्या दृष्टीने पेट्रोल. लॉजच्या खाली चालणारी खानावळ मुक्कामाच्या वर्गात जाऊ शकते. ‘जेवणावर पाच टक्के’ असे कार्ड घेतलेला ग्राहक महिन्याअखेरीस बिल पाहून चक्रावतो तो यामुळे. शहरातल्या साखळी हॉटेलांत ही वर्गवारी सहसा नीट असते. तालुक्याच्या रस्त्यावर तिचा भरवसा नाही. म्हणून आळेफाटा, ओझर, घोडेगाव, भीमाशंकर असे फिरणाऱ्याला वर्गावर पाच टक्के देणाऱ्या कार्डापेक्षा सगळीकडे सरसकट एक-दीड टक्का देणारे साधे कार्ड जास्त देऊन जाईल, असे माझे मत आहे. ऑनलाइन खरेदीवर पाच टक्के देणारे कार्ड तिकिटे आणि खोल्या आगाऊ काढणाऱ्यालाच उपयोगी. त्यातही महिन्याची कमाल मर्यादा असते, ती वाचल्याशिवाय अर्ज भरू नये.

वार्षिक शुल्काचा हिशेब तर पाटीवर मांडता येतो. शुल्क १,००० रुपये असेल तर जीएसटी धरून १,१८० जातात. एक टक्का परताव्याने ते भरून काढायला वर्षाला १,१८,००० रुपयांचा पात्र खर्च हवा. पाच टक्क्यांनी २३,६०० पुरतात. पात्र हा शब्द महत्त्वाचा, कारण त्यातून पेट्रोल, टोल, भाडे आणि आता अनेक ठिकाणी विजेची बिलेही गळतात. आपला पात्र खर्च लाखाच्या आत असेल तर आजीवन शुल्कमुक्त कार्ड सोडून दुसरीकडे पाहण्याचे कारण नाही.

लेण्याद्रीच्या पायथ्याच्या नारळ-फुलांच्या दुकानात, ताकाच्या गाडीवर कार्ड चालणारच नाही, असा पहिला आक्षेप येईल. तो काही वर्षांपूर्वी बिनतोड होता. सप्टेंबर २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते, आणि व्यापारी क्यूआर असेल तिथे ते स्कॅन करून चालते. व्यक्तीच्या खात्याचा क्यूआर असेल तिथे मात्र नाही. कार्ड निवडताना व्हिसा-मास्टरकार्डऐवजी रुपे मागण्याचे कारण गावाकडच्या प्रवाशाला इतके सरळ आहे. फक्त यूपीआयवरच्या खर्चाला बँक वेगळा, कमी दर लावते का, ते विचारून घ्यावे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: हा परतावा येतो कोणाच्या खिशातून? दुकानदार प्रत्येक कार्डव्यवहारावर बँकेला शुल्क देतो, त्यातला वाटा ग्राहकाकडे वळतो. ताकवाल्याच्या नफ्यातून आपण दीड टक्का उचलायचा, हे अनेकांना रुचणार नाही. पण रुपे कार्ड यूपीआयवर वापरल्यास छोट्या व्यापाऱ्यांना २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारावर हे शुल्क लागत नाही, त्यामुळे किमान त्याच्यापुरता तरी हा आक्षेप उरत नाही.

परताव्याचा दुसरा झरा मात्र उरतोच: थकबाकीवरचे व्याज. समजा महिन्याचे बिल २०,००० आले आणि ‘किमान देय’ म्हणून फक्त १,००० भरले. बहुतेक कार्डांचा दर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो. राहिलेल्या १९,००० वर ६६५ रुपये व्याज, त्यावर जीएसटी, असे सुमारे ७८५ रुपये झाले. शिवाय व्याज खरेदीच्या तारखेपासून मोजले जाते आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. एक टक्का दराने या बिलावर परत आले असते २०० रुपये. एका महिन्याची चूक जवळजवळ चार महिन्यांचा परतावा खाते. व्याज या भागाला नवे नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे: त्याने भिक्षूंसाठी विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ३,००० कार्षापण नाणी ठेवली, त्यांतल्या २,००० वर दरमहा शेकडा एक आणि १,००० वर पाऊण असे व्याज ठरले. जुन्नरच्या लेण्यांतही बुरूड आणि कासारांच्या श्रेणींकडे पैसे गुंतवल्याचा लेख आहे. ठेवीचे व्याज आणि कर्जाचे व्याज यांची तुलना सरळ होत नाही हे मान्य. तरी श्रेणीचा महिन्याला एक टक्का लेण्यातल्या दगडावर कोरून जाहीर झाला, आणि आपल्या कार्डाचे साडेतीन टक्के नियमावलीच्या बारीक अक्षरांत शोधावे लागतात. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये कार्डावरच्या व्याजाला वर्षाला ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली. दराला आता तसे छत नाही.

म्हणून ज्याचे उत्पन्न टोमॅटोच्या हंगामावर चालते, त्याने वेगळा विचार करावा. पगारदाराला बिलाची तारीख पगारानंतर घेता येते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बिलाचे चक्र बदलून मागता येते. बाजारभाव पडलेल्या महिन्यात मात्र बिल थकू शकते, आणि अशा शेतकऱ्याला माझ्या मते कार्डापेक्षा एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास आणि खात्याला जोडलेले यूपीआय बरे. भाविकांना अष्टविनायकाची फेरी घडवणाऱ्या पिवळ्या पाटीच्या गाडीवाल्याचे गणित पुन्हा निराळे. त्याला टोलचा वार्षिक पास मिळत नाही, खर्चाचा मोठा भाग डिझेल, आणि आठ देवळांची फेरी साडेसहाशे किलोमीटरच्या घरात जाते. तेल कंपनीचे कार्ड ज्याला खरोखर शोभते असा प्रवासी तो. कोणतेही कार्ड घेतल्यावर वर्षभरात जमले नाही तर ते बंद करायला लेखी कळवावे: थकबाकी नसेल तर बँकेने सात कामकाजी दिवसांत ते बंद करायचे असते, आणि उशीर झाल्यास दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे असतात.