मधमाशीला बांध ठाऊक नाही

कांद्याचे बी धरणाऱ्या शेतकऱ्याला मधमाशीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. कांद्याच्या फुलात पराग आधी पिकतात, स्त्रीकेसर नंतर तयार होते. त्यामुळे एका फुलाचे पराग दुसऱ्यापर्यंत कुणीतरी पोचवावेच लागतात. माश्या फिरकल्या नाहीत तर गोंडे पांढरेशुभ्र फुलतात, पण बी विरळ भरते. म्हणून बीजोत्पादक फुलोऱ्यापुरत्या मधपेट्या भाड्याने आणतात. सूर्यफूल आणि काकडी-कलिंगडाच्या वेलांचेही गणित असेच. फुलोरा सरला की पेट्या उचलाव्या लागतात, कारण आसपास माशीच्या पोटाला काही उरलेले नसते.

महाबळेश्वरजवळचे मांघर मे २०२२ मध्ये देशातले पहिले 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. तिथली बहुतेक घरे मधपाळ आहेत. तेव्हापासून 'आमच्या गावालाही पेट्या द्या' ही मागणी अनेक ठिकाणी होऊ लागली. पण मांघरचे खरे भांडवल म्हणजे भोवतालचे जंगल. जांभूळ, हिरडा, गेळा आणि सात वर्षांनी फुलणारी कारवी. एकाचा बहर ओसरतो तोवर दुसऱ्याचा सुरू होतो. पठारावरच्या गावात नुसत्या पेट्या वाटल्या, तर त्यातल्या सातेरी जातीच्या मधमाश्या उपाशी राहून पेटी सोडून जातात.

पठारावर फुले गेली कुठे? मैलभर एकच पीक, कोरून कोरून वीतभर उरलेला बांध आणि त्यावरही तणनाशक. बांधावरच्या ज्या गवता-झुडपांना आपण तण म्हणतो, ती माशीची बारमाही शिदोरी होती. ती गेली तशी जमीनही उघडी पडली. उघडी जमीन तापते, तिच्यातला सेंद्रिय कर्ब घटतो आणि पहिल्या वळवात वरची कसदार माती ओढ्याला लागते. राज्यातल्या कितीतरी शेतांच्या माती परीक्षणात हा कर्ब अर्ध्या टक्क्याच्याही खाली भरतो.

माती आणि माशी यांचे नाते याहून जवळचे आहे. मधमाश्या आणि त्यांच्या भाऊबंद माश्या मिळून जगात वीस हजारांहून अधिक जाती आहेत. त्यातल्या बहुतेक पोळे बांधतच नाहीत. मादी एकटीच जमिनीत बीळ करून अंडी घालते. न नांगरलेला बांध हेच त्यांचे घर. तूर, मूग, चवळी यांची मुळे जमिनीत नत्र साठवतात आणि फुले माश्यांना खाऊ घालतात. कापसात तुरीच्या ओळी, कडेला कारळा-तीळ, बांधावर शेवगा-करंज ही जुनी रीत दोघांनाही पोसणारी होती. शिवाय पाऊस दगा देई त्या वर्षी एक पीक गेले तरी दुसरे हाती लागे.

मात्र हे एकट्याने जमणारे काम नाही. सातेरी चाऱ्यासाठी पेटीपासून साधारण किलोमीटरभर फिरते. एवढ्या त्रिज्येचे वर्तुळ म्हणजे जवळपास ७७५ एकर. दोन एकरवाल्याने कितीही निष्ठेने सेंद्रिय शेती केली, तरी त्याच्या माश्या शेजाऱ्याच्या फवारणीत मरतात. चढावरच्या शेतातून वाहिलेली मातीही खालच्याचा बांध फोडून जाते.

म्हणूनच पेट्यांचा अर्ज करण्याआधी ग्रामसभेत चार गोष्टी ठरवायला हव्यात. पीक फुलोऱ्यात असताना कीटकनाशक फवारायचे नाही. टाळताच आले नाही तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी फवारायचे. बांध कोरायचा नाही आणि त्यावर तणनाशक मारायचे नाही. पाचट, काडीकचरा पेटवायचा नाही, त्याचे आच्छादन करायचे. गायरानात आणि ओढ्याकाठी वेगवेगळ्या महिन्यांत फुलणारी झाडे लावायची. यातल्या तीन गोष्टींना तर पैसाही लागत नाही. त्या पाळायचे ठरले, की मग पेट्या मागाव्यात.