खालचे आणि वरचे

कोकणी माणूस कसा, असं कोल्हापुरात विचारा. खवचट, चिकट आणि कोर्टाची पायरी चढायला कायम तयार, असं ऐकायला मिळेल. रत्नागिरीत घाटावरच्यांची चौकशी केली, तर रांगडे, दहा माणसांत ऐकू जाईल असं बोलणारे आणि माशाचा काटा काढता न येणारे, असं प्रमाणपत्र मिळतं. दोन्ही शहरांच्या मध्ये एक आंबा घाट आहे, तेवढाच.

हे शिक्के बरेचसे पावसानं आणि मातीनं मारलेले आहेत. रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो. पण जांभ्या दगडात तो ठरत नाही, थेट समुद्र गाठतो. मे महिन्यात विहिरी तळाला जातात. जमीन तुकड्यातुकड्यांची, एकेका सातबाऱ्यावर डझनभर नावं आणि त्यांतले अर्धे वारस मुंबईला. फणस परसात एकाच्या आणि त्याच्या फांद्या दुसऱ्याच्या अंगणात, एवढं कारण भाऊबंदकीला पुरतं. ज्याच्या वाट्याला चार गुंठे आलेत, त्याला हातभर बांध सोडून देणं परवडणार कसं? चिकटपणा तिथून येतो.

घाट चढला की काळं रान, ऊस आणि तालीम. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना उभा केला आणि पुढे त्याच वाटेनं पश्चिम महाराष्ट्रात कारखानदारी पसरली. चारचौघांना गोळा करून, आवाज चढवून काम उरकण्याची सवय अशा राजकारणात मुरते. मात्र ‘घाटावरचा म्हणजे बागायतदार’ हेही अर्धवटच. एकट्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि माणमध्ये पाचशेच्या आसपास. माणदेशी शेतकऱ्याला कोणी सुखवस्तू म्हटलं, तर तो आधी डोळे वटारेल.

खरी गाठ पडली ती मुंबईत. गिरण्यांमध्ये कोकणातल्या चाकरमान्यांचा मोठा भरणा. घाऊक बाजारातल्या हमालीत सातारा-पुण्याकडचे पुष्कळ. त्या हमालांची संघटना बांधणारे अण्णासाहेब पाटील सातारा जिल्ह्यातले; त्यांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. एकाच चाळीत राहून कोकण्यानं शेजाऱ्याला ‘घाटी’ म्हणून चिडवावं, हा रोजचा प्रकार. पुढे अमराठी मुंबईकरांनी तोच शब्द सगळ्या मराठी माणसांना तुच्छतेनं लावला आणि मालवणचा माणूसही त्यात घाटी ठरला. चिडवणाऱ्याला एवढी शिक्षा पुरेशी म्हणायची! शेजाऱ्याच्या तोंडची चेष्टा आणि वरून खाली पाहणाऱ्याची हेटाळणी, यांत मात्र फरक केलाच पाहिजे.

भांडणाचा सगळ्यात चविष्ट भाग स्वयंपाकघरात आहे. मालवणी बांगड्याच्या कढीत ओल्या नारळाचं वाटप, आंबटपणाला कोकम आणि वर तिरफळं. घाटावरच्या रश्श्यात सुकं खोबरं, तीळ आणि कांदा-लसूण मसाला. एकाला दुसऱ्याचं कालवण पांचट वाटतं, दुसऱ्याला पहिल्याचं जाळ. भात की भाकरी, हा वाद तर आजीपासून नातवापर्यंत मिटलेला नाही.

कोकण्यांच्या बाजूनं एक गोष्ट मान्य करावी लागेल: त्यांना स्वतःवर हसता येतं. गंगाराम गवाणकरांनी लिहिलेलं आणि मच्छिंद्र कांबळींनी गाजवलेलं ‘वस्त्रहरण’ हे मालवणी नाटक १९८० मध्ये रंगमंचावर आलं. गावातल्या हौशी नटांचा महाभारतावरचा उजेड पाहून कोकणी प्रेक्षक तर हसलाच. पण मालवणी न बोलणाऱ्या गावांतही नाटकानं गर्दी खेचली.

बाजार मात्र या भांडणाला फारसं मोजत नाही. बंदरावरची मासळी बर्फात घालून घाट चढते, कोल्हापूरचा गूळ आणि भाजीपाला घाट उतरतो. पाणीसुद्धा उतरतं. सातारा जिल्ह्यातल्या कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेकडे वळवून वीज तयार केली जाते आणि मग ते चिपळूणच्या वाशिष्ठीत सोडलं जातं. भर उन्हाळ्यात चिपळूणकर वाशिष्ठीत जे वाहतं पाणी पाहतात, ते बरंचसं घाटावरून आलेलं असतं.